जिप्सम टाकले, पण चर कुठे आहे? (रासायनिक समतोलाचा एक धडा)



गेल्या खेपेला शेतकी कार्यालयात एक सभासद आले. वयाने वडीलधारे, बोलणे रोखठोक. टेबलावर मातीचे एक ढेकूळ ठेवले आणि म्हणाले, "साहेब, तीन वर्षं झाली जिप्सम टाकतोय. तुम्हीच सांगितलं होतं. जमीन जशीच्या तशी. पाऊस पडला की चिखल, उघडीप पडली की दगड. ऊस गुडघ्याएवढा. आता तुम्हीच सांगा, जिप्सम खोटं का तुमचं शास्त्र खोटं?"

आम्ही त्यांना विचारले, "आबा, शेताचा चर कुठे निघतो?"

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "चर कसला? खालच्या अंगाला भावकीचं रान. ते वाट देत नाहीत."

जिप्समही खोटे नव्हते आणि शास्त्रही खोटे नव्हते. आबांच्या रानात नेमके काय अडले होते, हे समजायचे तर रसायनशास्त्रातला एक नियम समजून घ्यावा लागतो. कॉलेजातली मुले तो पाठ करून परीक्षा देतात आणि विसरतात. आपल्याला मात्र तो रोजच्या उपयोगाचा आहे. म्हणून ह्या अंकात तो सगळ्यांसाठी सविस्तर मांडतो. आकडेमोड थोडी आहे, पण साखरेच्या उताऱ्याचा हिशोब तोंडपाठ असणाऱ्या आपल्या सभासदांना ती जड जाऊ नये.

घाटातली ये-जा

गेल्या पावसाळ्यात शेतकी विभागाचे आम्ही चौघे आणि काही सभासद भाताची लावणी बघायला म्हणून घाट उतरून शहापूर तालुक्यात कसाऱ्यापर्यंत गेलो होतो. कसारा आणि इगतपुरी यांच्यामध्ये थळ घाट. रेल्वे सुमारे पंधरा किलोमीटरांत जवळजवळ ३०० मीटर वर चढते. चढ ३७ ला १, म्हणून गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. १८६५ साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून इथे माणसांची आणि मालाची ये-जा अखंड चालू आहे.

आता असे धरा की तासाला शंभर माणसे घाट चढली आणि त्याच तासाला शंभर माणसे उतरली. कसाऱ्यात किती माणसे आहेत, इगतपुरीत किती आहेत, हे आकडे बदलले का? नाही. लांबून बघणाऱ्याला वाटेल, इथे काही हालचालच नाही. प्रत्यक्षात गाड्या भरून वाहत आहेत. फक्त जाणारे आणि येणारे सारखे आहेत, एवढेच.

रासायनिक समतोल म्हणजे नेमके हेच. पुष्कळ रासायनिक क्रिया दोन्ही दिशांनी चालतात. डावीकडचे पदार्थ उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे परत येतात. दोन्ही वेग सारखे झाले की प्रमाण स्थिर राहते. क्रिया थांबलेली नसते, तिची बेरीज-वजाबाकी शून्य झालेली असते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.

नियम काय सांगतो

फ्रान्समध्ये हेन्री ल शातेलिए (१८५० ते १९३६) नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. शिक्षणाने खाणींचे इंजिनियर. चुना आणि सिमेंट घट्ट कसे होते याचा त्यांनी पुष्कळ अभ्यास केला. १८८४ साली त्यांनी एक नियम मांडला. तो आपल्या भाषेत असा:

*समतोलात असलेल्या व्यवस्थेची परिस्थिती बदलली, तर समतोल अशा बाजूला सरकतो की ज्यामुळे तो बदल थोडाफार कमी होईल.*

परिस्थिती म्हणजे तीन गोष्टी: पदार्थांचे प्रमाण, दाब आणि उष्णता. एखादा पदार्थ जास्त घातला, तर तो खर्च होईल अशा बाजूला क्रिया सरकते. एखादा पदार्थ काढून घेतला, तर तो पुन्हा तयार होईल अशा बाजूला सरकते. वायूंवर दाब वाढवला, तर कमी जागा लागेल अशा बाजूला सरकते. उष्णता दिली, तर उष्णता शोषली जाईल अशा बाजूला सरकते.

"थोडाफार" हा शब्द महत्त्वाचा आहे. बदल पूर्ण पुसला जात नाही. नव्या परिस्थितीत नवा समतोल बसतो आणि तिथे क्रिया पुन्हा अडते. आबांचे काम तिथेच अडले होते.

सोड्याची बाटली

कसाऱ्याला उतरल्यावर आमच्यातल्या एकाने गोटी सोडा घेतला. गोटी आत ढकलली की काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. पण का होते?

बाटलीत कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने पाण्यात विरघळवलेला असतो. थोडा वायू वरच्या मोकळ्या जागेतही असतो. पाण्यातला वायू वर येतो, वरचा पाण्यात जातो. बाटली बंद आहे तोवर समतोल. गोटी ढकलली की वरचा वायू निघून जातो, दाब उतरतो. मग पाण्यातला वायू ती उणीव भरून काढायला वर धावतो. पण तोंड उघडे आहे! जेवढा वर येतो तेवढा हवेत निघून जातो. म्हणून वायू येतच राहतो आणि शेवटी सोडा बेचव होतो.

दुसरी गोष्ट. वायू पाण्यात विरघळताना उष्णता बाहेर टाकतो. पाणी गरम केले की क्रिया उलट फिरते आणि वायू बाहेर पडतो. बर्फासारख्या गार पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या निम्माच २० अंश सेल्सिअसला मावतो. म्हणून उन्हात तापलेली बाटली उघडली की अंगावर उडते.

यातला धडा एकच: तयार झालेली वस्तू बाहेर जायला वाट असेल, तर समतोल बसत नाही आणि क्रिया शेवटापर्यंत जाते. वाट बंद असेल, तर क्रिया अर्ध्यात थांबते. हे वाक्य सभासदांनी वहीत लिहून ठेवावे.

आपल्या युरियामागची कथा

युरिया ज्यापासून होतो तो अमोनिया ह्याच नियमाच्या आधाराने तयार होतो. हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळून अमोनिया बनतो:

नायट्रोजन १ भाग + हायड्रोजन ३ भाग ⇌ अमोनिया २ भाग + उष्णता

डावीकडे वायूचे चार भाग, उजवीकडे दोनच. दाब वाढवला की क्रिया उजवीकडे सरकते, कारण तिकडे जागा कमी लागते. उष्णता बाहेर पडते, म्हणून थंड ठेवले तर अमोनिया जास्त मिळायला हवा. पण थंडीत क्रिया इतकी मंद चालते की अमोनिया मिळायला जन्म जाईल. म्हणून तडजोड करतात. साधारण ४०० ते ५०० अंश उष्णता, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब आणि वेग वाढवायला लोखंडाचा उत्प्रेरक. उत्प्रेरक समतोलाची जागा बदलत नाही, फक्त तिथपर्यंत लवकर पोहोचवतो.

एवढे करूनही एका फेरीत साधारण पंधरा टक्केच वायूंचा अमोनिया होतो. मग कारखाना चालतो कसा? मिश्रण थंड करून अमोनियाचा द्रव करतात आणि बाहेर काढतात. उरलेले वायू पुन्हा फेरीत सोडतात. अमोनिया बाहेर गेला की समतोल पुन्हा उजवीकडे सरकतो. पुन्हा तीच गोष्ट: बाहेर जायला वाट!

ह्या नियमाच्या जनकालाच हे यश मिळाले नाही. ल शातेलिए यांनी १९०१ साली दाबाखाली अमोनिया करण्याचा प्रयोग केला. यंत्रात हवा मिसळली जाऊन स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला. पुढे जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी ते प्रयोगशाळेत साधले आणि कार्ल बॉश यांनी १९१३ साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. हाबर यांना १९१८ चे आणि बॉश यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे १९७८ साली स्थापन झालेली राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी ट्रॉम्बे आणि अलिबागजवळील थळ येथे ह्याच पद्धतीने अमोनिया आणि त्यापासून युरिया करते. (हे थळ आणि थळ घाट यांची नावे सारखी, गावे वेगळी. गल्लत नको.)

घाटाच्या खाली आणि घाटाच्या वर

आता मातीकडे येऊ. मातीचे चिकण कण अतिशय बारीक असतात आणि त्यांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅश, हायड्रोजन यांचे धनभारित कण चिकटलेले असतात. ते कायमचे चिकटलेले नसतात. मातीच्या पाण्यातले कण आत जातात, चिकटलेले बाहेर येतात. घाटातल्या माणसांसारखी ये-जा चालू असते. कोण किती चिकटलेला राहील हे मातीच्या पाण्यात काय आहे, किती आहे आणि ते पाणी पुढे कुठे जाते यावर ठरते.

कसारा, शहापूर, मुरबाड ह्या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. जमीन उताराची. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होते. त्यातला हायड्रोजन मातीच्या कणांवर बसतो आणि तिथला कॅल्शियम, सोडियम सुटून पाण्यात येतो. पाणी वाहून जाते. सुटलेला परत येऊच शकत नाही. हजारो पावसाळे हे चालले आहे. त्यामुळे तिथल्या उतारावरच्या वरकस जमिनी हलक्या, तांबूस आणि आम्लतेकडे झुकलेल्या आहेत. नाचणी-वरईवर भागवावे लागते.

तिथल्या एका भातकऱ्याला आम्ही विचारले, "काका, राब अजून भाजता का?" ते म्हणाले, "भाजतो की. राख झाल्याशिवाय रोप कसं येईल?" शेणी, पालापाचोळा, गवत पसरून रोपाची जागा भाजायची ही तिथली जुनी रीत. भाजण्याचे तोटेही आहेत, ते वेगळे. पण राखेतून पालाश आणि चुनखडीचा अंश मिळतो आणि आम्लता थोडी कमी होते, म्हणजे समतोल थोडा माघारी येतो, हे खरे. शास्त्राचे नाव न घेता ते काम पिढ्यान् पिढ्या चालले आहे.

घाट चढून आपल्याकडे पूर्वेला या. पाऊस पाचसहाशे मिलिमीटरवर येतो. जमीन काळी, भारी, खोल. तिच्यात चुनखडी मुळातच आहे. वाहून नेणारा पाऊस नाही. त्यात आपण कालव्याचे आणि विहिरीचे पाणी आणले आणि उसाला बारा महिने दिले. पाण्याबरोबर थोडे थोडे क्षार येतात. पाणी वर उडून जाते, क्षार मागे राहतात. खालून निचरा नसेल तर पाण्याची पातळी वर येते आणि खालचे क्षारही वर ओढले जातात.

हे आजचे दुखणे नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली सुरू झाले आणि त्या भागात ब्रिटिश काळातच जमिनी खारावल्या. निचऱ्याचे चर खोदण्याची कामे तेव्हाच हाती घ्यावी लागली.

म्हणजे घाटाखाली पाण्याला वाट आहे, म्हणून सगळेच धुऊन गेले. घाटावर पाण्याला वाट नाही, म्हणून सगळेच साठून राहिले. नियम दोन्हीकडे एकच.

खार जमीन वेगळी, चोपण जमीन वेगळी

पुष्कळ सभासद दोन्हींना "खराब झालेलं रान" एवढेच म्हणतात. पण औषध वेगळे आहे, म्हणून रोगही वेगळा ओळखला पाहिजे.

*खार जमीन:* वर पांढरी पापुद्र्यासारखी खार फुटते. क्षार पाण्यात विरघळलेले असतात. विद्युत वाहकता ४ च्या वर, सामू साडेआठच्या खाली. हिला जिप्सम लागत नाही. चर आणि चांगले पाणी एवढेच लागते.

*चोपण जमीन:* सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. चिकटलेल्या एकूण धनकणांपैकी १५ टक्क्यांहून जास्त सोडियम असला की जमीन चोपण धरतात. सामू साडेआठच्या वर जातो. सोडियममुळे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात. पाणी वर गढूळ होऊन साचते आणि वाळली की टणक होते. हिला जिप्समही लागते आणि चरही लागतो.

*दोन्ही असलेली जमीन:* इथे आधी जिप्सम, मग पाणी. नुसतेच चांगले पाणी सोडले तर सुटे क्षार धुऊन जातात, चिकटलेला सोडियम तसाच राहतो आणि जमीन पुरी चोपण होऊन बसते.

पैशाचा हिशोबही पाहा. जमिनीची वाहकता १.७ च्या वर गेली की उसाचे उत्पादन घटू लागते. पुढच्या प्रत्येक एककाला घट सुमारे सहा टक्के. म्हणजे ४ वाहकतेला साधारण १४ टक्के घट. एकरी ४० टनांचा प्लॉट असेल तर साडेपाच टन ऊस डोळ्यांदेखत गेला. खत तेवढेच, पाणी तेवढेच, मजुरी तेवढीच.

जिप्सम काय करते

आता आबांच्या प्रश्नाचे उत्तर. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मातीत ते असे काम करते:

सोडियम चिकटलेली माती + जिप्सम ⇌ कॅल्शियम चिकटलेली माती + सोडियम सल्फेट

मधला दुहेरी बाण नीट पाहा. क्रिया दोन्ही दिशांनी चालते. जिप्सम घातले की कॅल्शियम वाढला, क्रिया उजवीकडे सरकली, सोडियम सुटला. इथपर्यंत बरोबर. पण सुटलेले सोडियम सल्फेट मातीच्या पाण्यातच राहिले तर? काही काळाने नवा समतोल बसतो आणि क्रिया थांबते. अजून जिप्सम टाकले, अजून थोडी सरकते, पुन्हा थांबते.

याहून वाईट पुढे आहे. कॅल्शियमचा एक कण बसताना सोडियमचे दोन कण सुटतात. पाणी भरपूर असेल, द्रावण पातळ असेल, तर जास्त कण सुटे राहण्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, समतोल झुकतो. उन्हाळ्यात पाणी आटते, द्रावण दाट होते. वायूवर दाब दिल्यासारखेच ते आहे. मग कमी कण सुटे राहतील अशा बाजूला, म्हणजे डावीकडे, समतोल परततो. सुटलेला सोडियम पुन्हा मातीला चिकटतो! त्यात विहिरीचे पाणी सोड्याचे असेल तर कॅल्शियमची चुनखडी होऊन तो बाद होतो आणि सोडियमला मैदान मोकळे मिळते.

आबांचे तीन वर्षांचे जिप्सम असे पावसाळ्यात पुढे आणि उन्हाळ्यात मागे जात राहिले. सोड्याच्या बाटलीचे तोंड बंदच होते.

एकराचा हिशोब

मातीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन एकरी सुमारे नऊ लाख किलो. तपासणीच्या अहवालात १०० ग्रॅम मातीत १ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायचा असेल, तर १०० ग्रॅमला ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. गुणाकार केला की एकरी सुमारे पावणेआठशे किलो. दोन मिलिइक्विव्हॅलंट काढायचा तर दुप्पट. जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर त्या हिशोबाने जास्त.

आता पाणी. एका लिटर पाण्यात जिप्सम अडीच ग्रॅमच्या आसपासच विरघळते. पावणेआठशे किलो विरघळायला सुमारे तीन लाख लिटर पाणी हवे, म्हणजे एकरभर तीन इंच उभे पाणी. न विरघळलेले जिप्सम काही काम करत नाही, नुसते पडून राहते.

आणि आता मुख्य आकडा. पावणेआठशे किलो जिप्समने पुरे काम केले तर सुमारे साडेसहाशे किलो सोडियम सल्फेट तयार होते. हे साडेसहाशे किलो एकरातून बाहेर गेले पाहिजे. तेरा पोती माल आहे हा, पन्नास किलोच्या पोत्याने. तो जाणार कुठून? चर नसेल तर उत्तर एकच: कुठेच नाही.

कामाचा क्रम

१. माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. अहवाल हाती आल्याशिवाय जिप्समला हात लावू नका.

२. आधी चर. उघडा चर खोल हवा, तीन-चार फुटांच्या खाली नको असे समजू नका. जिथे जमते तिथे जमिनीखालून सच्छिद्र पाइपांचा निचरा घ्यावा. चराचे तोंड नाल्याला मोकळे निघते ना, हे स्वतः चालत जाऊन बघा.

३. जमीन सपाट करा, बांध घालून वाफे करा.

४. जिप्सम बारीक हवे. सारखे पसरून वरच्या चार ते सहा इंच थरात मिसळा. खोल नांगरून पुरू नका.

५. मग भरपूर पाणी सोडा आणि खाली उतरू द्या. पावसाळ्याच्या तोंडाशी हे काम केले तर पाऊस मदतीला येतो, आणि पावसाच्या पाण्यासारखे स्वच्छ पाणी दुसरे नाही.

६. पाठोपाठ ताग किंवा धैंचा घेऊन गाडा. कुजताना कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याने आपल्या काळ्या मातीतली चुनखडी थोडी विरघळते आणि घरचाच कॅल्शियम मिळतो. कारखान्याचा प्रेसमड कुजवून टाकावा, त्याचाही उपयोग होतो.

७. चुना टाकू नका. चुना कसाऱ्याकडच्या आम्ल जमिनीचे औषध. आपल्या जमिनीत चुनखडी आधीच आहे, ती विरघळत नाही हेच दुखणे आहे.

युरियाचेही तेच

युरिया मातीत पडला की त्याचा अमोनियम होतो. अमोनियम मातीला चिकटून राहतो. पण त्याचा आणि अमोनिया वायूचा समतोल असतो आणि तो सामूवर ठरतो. सामू ७ असेल तर शंभरात एक भागसुद्धा वायू नसतो. ८ ला पाच भाग, ९ ला छत्तीस भाग! वायू उघड्यावर असेल तर वारा घेऊन जातो, आणि गेला की त्याची जागा भरायला पुढचा तयार. पुन्हा उघडी बाटली. इथे मात्र आपल्याला ती बंद करायची आहे.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नायट्रोजन. चोपण रानात भर दुपारी सरीवर फेकून दिला तर त्यातला मोठा वाटा हवेत जातो. म्हणून युरिया हप्त्यांनी द्या, मातीआड करा, लगेच हलके पाणी द्या. जिप्समच्या कामात वाट उघडायची, युरियाच्या कामात वाट बुजवायची. नियम तोच, फायदा करून घेणे आपल्या हाती.

घरी करून बघा

दोन काचेचे पेले घ्या. दोन्हींत पावसाचे स्वच्छ पाणी. प्रत्येकात चोपण रानातली चमचाभर माती टाकून ढवळा. एका पेल्यात चिमूटभर जिप्सम घाला, पुन्हा ढवळा. रात्रभर ठेवा. सकाळी जिप्समच्या पेल्यात माती खाली बसून पाणी निवळलेले दिसेल, दुसऱ्यात गढूळच राहील. आबांच्या ढेकळाचा हा प्रयोग आम्ही कार्यालयात केला, त्यांच्या समोर. ते पेल्याकडे पाहत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "म्हणजे औषध खरं आहे. वाटच नाही."

वाट कोणाच्या रानातून जाते?

पाणी उताराने जाते, सातबाराच्या रेघेने जात नाही. एकाचा चर नाल्याला न्यायचा तर मध्ये दोघातिघांची राने येतात. प्रत्येकाला वाटते, माझ्या बांधाची दोन हात जागा का जावी? पण वरच्याच्या रानात पाणी तुंबले तर पातळी खालच्याच्याही रानात वर येते. आज वरचा प्लॉट चोपण झाला, तर पाच वर्षांनी खालचा होणार. मातीतले पाणी भावकी ओळखत नाही.

आबांच्या बाबतीत आम्ही दोन बैठका घेतल्या. पहिलीत नुसते जुने वाद निघाले. दुसरीत कोणी भाषण केले नाही. ते दोन पेले मध्ये ठेवले आणि खालच्या रानातल्या मातीचा तिसरा पेला शेजारी ठेवला. तोही गढूळच होता. खालचे भाऊ ते पाहून म्हणाले, "आमचंबी तसंच हाय की." चौघांनी मिळून एकच चर नाल्यापर्यंत काढायचे ठरवले, खर्च एकरांच्या प्रमाणात. यंदाच्या पावसाआधी तो पुरा झाला. पहिल्या पावसात त्यातून वाहिलेले पाणी जिभेला लावले तर खारट लागत होते. जमीन एका वर्षात सुधारणार नाही, दोन-तीन हंगाम लागतील. पण आता टाकलेले जिप्सम मागे फिरणार नाही.

सहकाराने आपण कारखाना उभा केला, तो एकट्याने उभा राहत नव्हता म्हणूनच. चराचेही तसेच आहे. तेव्हा जिप्समची मागणी नोंदवताना अर्जावर चराचा नकाशाही काढून द्यावा, आणि शेजारी सभासदांच्या सह्या घेऊनच यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

सभासदांनी स्वतः सोडवावयाचे प्रश्न

१. आपल्या प्लॉटमधून १०० ग्रॅम मातीमागे ३ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम काढायचा आहे. एकरी शुद्ध जिप्सम किती लागेल? ते विरघळायला किती इंच पाणी लागेल?

२. चर नसलेल्या रानात जिप्सम टाकून उन्हाळाभर पाणी तोडले. समतोल कुठल्या बाजूला सरकेल, आणि का?

३. कसाऱ्याच्या वरकस जमिनीत चोपणपणा का येत नाही?

४. आपल्या शेताचे पाणी कोणाकोणाच्या रानातून नाल्याला जाते? त्यांच्याशी आपले बोलणे आहे का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते आजच संध्याकाळी बांधावर जाऊन शोधावे.